ताम्हिणीच्या वळणावर गाडी सरळ का गेली?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

हे वाचक २९ वर्षांचे, पुण्यात नोकरी करणारे. गाव माणगाव तालुक्यात. कॉलेजपासून ११० सीसीची गाडी चालवत होते, गेल्या दिवाळीत ३५० सीसीची मोटरसायकल घेतली. ऑफिसातल्या मित्रांचा रविवारी घाटात जाणारा ग्रुप आहे. त्यात हे कायम सगळ्यात मागे असतात आणि त्यावरून त्यांची चेष्टा होते. पावसाळ्याआधी ताम्हिणी उतरताना, पुढच्यांना गाठायच्या नादात, एका डाव्या वळणावर समोरून एसटी आली. "पुढचा ब्रेक दाबला, तर गाडी वळायचीच थांबली. सरळ पलीकडच्या बाजूला गेली. ड्रायव्हरने एसटी जागेवर दाबली म्हणून वाचलो," असं ते लिहितात. तेव्हापासून घाट लागला की खांदे ताठ होतात, मुठी आवळल्या जातात. मित्र म्हणतात, घाट भीत भीत चालवायचा नसतो, बिनधास्त आडवी टाकायला शीक. वडील म्हणतात, गाडी विकून टाक. लग्नाला वर्ष झालं आहे, यंदा गणपतीला बायकोला गाडीवरून गावी न्यायचं ठरलं होतं आणि तिलाही हौस आहे. त्यांचे प्रश्न दोन: ही भीती घालवायची कशी? की घाट आपल्याला झेपणारा नाही असं समजून गाडी विकावी?

उत्तर:

तुम्ही भीतीबद्दल विचारलं आहे, पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच वाक्य: "ब्रेक दाबला, तर गाडी वळायचीच थांबली." त्या दिवशी नेमकं काय झालं ते तुम्ही अचूक टिपलं आहे. फक्त ते का झालं हे कुणी सांगितलं नसल्यामुळे तुम्ही त्याचा दोष स्वतःच्या धीटपणाला, म्हणजे त्याच्या अभावाला, देऊन मोकळे झालात. म्हणून आधी त्या वळणाचं बोलू, मग भीतीचं.

दुचाकी वळते ती कलल्यामुळे. गाडी कललेली असताना पुढचा ब्रेक जोरात दाबला, की ती उभी राहायला बघते, आणि उभी राहिलेली गाडी सरळ जाते. डाव्या वळणावर सरळ जाणं म्हणजे मधली पट्टी ओलांडून समोरच्याच्या अंगावर जाणं. तुमच्या गाडीने तेच केलं. गाडीत बिघाड नव्हता आणि तुमची छातीही कमी पडली नाही. समोर एवढं मोठं लाल धूड दिसल्यावर हात ब्रेकवर जाणं हे कुणाचंही होईल. त्यात आणखी एक गोष्ट घडली असणार, कारण ती जवळजवळ प्रत्येकाची घडते: तुमची नजर एसटीवर खिळली असेल. नजर जिकडे, गाडी तिकडे. खड्डा चुकवायचा म्हणून खड्ड्याकडेच बघत राहिलेला माणूस खड्ड्यातच जातो, हे तुम्ही शहरातही पाहिलं असेल.

पण ब्रेक आणि नजर या दोन्ही शेवटच्या क्षणाच्या गोष्टी झाल्या. मूळ गोष्ट त्याआधी, वळणात शिरण्यापूर्वीच घडून गेली होती. पुढचा रस्ता जेवढा दिसत होता, त्या मानाने तुमचा वेग जास्त होता.

थोडा हिशोब मांडते. ताशी ४० किमी म्हणजे सेकंदाला ११ मीटर. धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरला, तर ११ मीटर तिथेच संपले. त्यानंतर कोरड्या, चांगल्या डांबरावर व्यवस्थित ब्रेक लावूनही थांबायला आणखी १० मीटर लागतात. एकूण २१ मीटर, म्हणजे साधारण दोन एसटी एकामागे एक उभ्या केल्या एवढं अंतर. हाच वेग ६० केला, तर पहिल्या सेकंदात १७ मीटर जातात आणि ब्रेकनंतर २३, एकूण ४०. वेग दीडपट झाला आणि अंतर जवळपास दुप्पट. उतारावर आणि ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढतं. आता ताम्हिणीतलं डोंगराला चिकटून जाणारं डावं वळण आठवा. डावीकडे कातळ आणि झाडी, पुढचं दिसतं जेमतेम २५-३० मीटर. तिथे ६०ने शिरणारा माणूस पलीकडे काही नाही असं गृहीत धरून शिरतो. बहुतेक वेळा खरंच काही नसतं, आणि त्यालाच तो आपलं कसब समजायला लागतो.

तुमच्या मित्रांच्या "बिनधास्त"बद्दल माझं म्हणणं एवढंच आहे. ते वाईट चालवत असतील असं मी म्हणत नाही, मी त्यांना पाहिलेलं नाही. पण घाटात कोण किती वेगात गेला यावरून कोण किती चांगला चालवतो हे कळत नाही. पुढचा रस्ता दिसेल तेवढ्या अंतरात जो कधीही थांबू शकतो, तो चांगला चालवतो. रस्ता एकाच गाडीपुरता अरुंद असेल, तर दिसेल त्याच्या निम्म्या अंतरात थांबता आलं पाहिजे, कारण समोरचाही येतोच आहे. ही कसोटी लावली तर ग्रुपमध्ये मागे असणं हा तुमचा दोष ठरत नाही. त्या एका दिवशी मागे राहणं सोडलंत आणि तेवढंच नडलं.

आता हे सुधारायचं कसं? त्यासाठी घाटात जायची गरज नाही. सकाळी लवकर एखादं मोकळं मैदान किंवा रिकामा, सरळ, रुंद रस्ता गाठा. हेल्मेट, हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घाला. ताशी ३०ने या आणि दोन्ही ब्रेक लावून थांबा. पुढचा ब्रेक झटका देऊन दाबायचा नाही. आधी हलकेच दाबून गाडीचं वजन पुढे येऊ द्यायचं, मग जोर वाढवायचा. पुढचा टायर रस्त्यावर दाबला गेला की त्याची पकड वाढते, म्हणून खरा ब्रेक पुढचा. आपल्याकडे बरेच जण ११०च्या गाडीवर पायाच्या ब्रेकवरच शिकलेले असतात आणि पुढच्या ब्रेकला हात लावायला कचरतात. मग नेमक्या गरजेच्या वेळी तो एकदम आवळला जातो. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं आहे, त्यामुळे तुमच्या गाडीला ते असणारच. मैदानात ते एकदा जाणूनबुजून चालू होऊ द्या, लिव्हर हाताखाली कशी थरथरते ते ओळखीचं होऊ द्या. अनोळखी थरथर जाणवली की माणूस ब्रेक सोडून देतो.

दुसरा सराव वळण्याचा. डावीकडे वळायचं असेल तेव्हा हँडलची डावी मूठ हलकेच पुढे ढकला. ऐकायला उलटं वाटेल, पण सायकलच्या वेगाच्या वर गेल्यावर गाडी अशीच कलते: डावी मूठ पुढे ढकलली की डावीकडे, उजवी ढकलली की उजवीकडे. तुम्ही इतकी वर्षं नकळत हेच करत आला आहात. पण नकळत येणारी गोष्ट घाबरल्यावर सुचत नाही. त्या दिवशी एसटी दिसल्यावर डावी मूठ आणखी थोडी पुढे ढकलली असती आणि नजर वळणाच्या पुढच्या टोकाकडे नेली असती, तर गाडी बहुधा आणखी कलून आपल्याच बाजूला राहिली असती. हे मी तुम्हाला टोचायला सांगत नाही. हे शिकता येतं आणि हाताला सवय लागली की आयत्या वेळी आपोआप होतं, म्हणून सांगते.

"आडवी टाकायला शीक", म्हणजे वळणावर गाडी जास्त कलवायला शीक, या सल्ल्यात मात्र एक धोका आहे, तो समजून घ्या. टायरची पकड महिन्याच्या पगारासारखी ठरलेली असते. ब्रेक आणि वळण, दोन्ही खर्च त्यातूनच भागवायचे. सगळा पगार वळण्यावरच उडवला, तर ब्रेकसाठी हातात काही उरत नाही. साधारण २० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३०ने गेलात तर गाडी जेमतेम २० अंश कलते. ४०ने गेलात तर ३२ अंश कलावी लागते. वेगातला फरक दहाचाच, पण ३०ने जाणाऱ्याकडे खडी, शेण, अचानक थांबलेली जीप अशा गोष्टींसाठी पकड शिल्लक असते आणि ४०ने जाणाऱ्याकडे फारच थोडी. एबीएसने यात फरक पडत नाही. ते चाक जाम होऊ देत नाही, पण रस्त्यावर नसलेली पकड कुठून आणणार?

म्हणून घाटातला सगळा ब्रेक वळणाच्या आधी. गाडी सरळ असतानाच वेग कमी करायचा, गिअर खाली टाकायचा, मग नजर आत वळवायची, मूठ ढकलायची आणि पूर्ण वळणभर रेस अगदी हलकी पण सलग ठेवायची. वळणात शिरल्यावर "अरे, आणखी जोरात आलो असतो तरी चाललं असतं" असं वाटलं, तर वेग बरोबर होता. "जरा जास्तच झालं" असं वाटलं, तर जास्तच होता. तसं झालंच तर पुढचा ब्रेक आवळू नका. रेस हलकेच कमी करा, नजर पुढच्या टोकावर, आतली मूठ आणखी ढकला, आणि लागलाच तर मागचा ब्रेक हलका.

नजर कुठे ठेवायची हे मी इतक्यांदा लिहिते आहे, तर ती जागाही सांगते. वळणावर रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना भेटल्यासारख्या दिसतात आणि पुढचा रस्ता नाहीसा होतो, तो बिंदू शोधा. तुम्ही पुढे जाताना तो तुमच्याकडे सरकायला लागला, तर वळण आवळत चाललं आहे. वेग कमी करा. तो लांब पळायला लागला, तर वळण उघडतं आहे. आता रेस द्यायला हरकत नाही. अनोळखी घाटातही हा बिंदू वळणाची आगाऊ खबर देतो. मधूनच चटकन डोळे खाली आणून डांबर बघायचं आणि परत वर.

रस्त्यावर आपली जागा कुठली, हेही सांगते, कारण तुमच्या प्रसंगाशी त्याचा थेट संबंध आहे. डाव्या वळणावर अगदी कातळाला चिकटून शिरलात तर पुढचं काहीच दिसत नाही आणि बाहेर पडताना गाडी मधल्या पट्टीकडे फेकली जाते. आपल्या बाजूच्या मध्यापासून किंचित उजवीकडे राहिलात तर लवकर दिसतं. किंचितच, पट्टीला चिकटून नाही, कारण समोरचा कट मारत येऊ शकतो. पुढचा रस्ता उघडा दिसेपर्यंत आत घुसायची घाई नको. उजव्या वळणावर डावीकडे राहायचं, फक्त साईडपट्टीवरची खडी सोडून. तिथे बऱ्याच जणांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी: चाक पट्टीच्या आपल्या बाजूला असलं, तरी गाडी उजवीकडे कलल्यावर तुमचं डोकं आणि खांदा पट्टीच्या पलीकडे गेलेला असतो. समोरच्या ट्रकचा आरसा तुमच्या चाकाला लागणार नाही, हेल्मेटला लागेल.

आणि एसटीबद्दल. बसची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. त्यामुळे यू आकाराच्या वळणावर ड्रायव्हरला बस बाहेरून, तुमच्या बाजूत आणूनच फिरवावी लागते. तो तुमच्यावर दादागिरी करत नसतो, दुसरा मार्गच नसतो. बस वळणात शिरताना दिसली किंवा वळणापलीकडून हॉर्न ऐकू आला, तर वळणाच्या अलीकडे डावीकडे थांबा, तिला पूर्ण फिरू द्या. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची हा तर वाहतुकीचा नियमच आहे. आंधळ्या वळणाआधी तुम्हीही हॉर्न द्या. रात्री हॉर्नपेक्षा डिपर बरा, समोरच्या लाईटचा उजेड कातळावर आधीच दिसतो.

उतारावर बरेच जण गाडी न्यूट्रल करतात किंवा क्लच दाबून सोडतात, पेट्रोल वाचतं म्हणून. कृपा करून हे करू नका. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात, आणि लांब उतारावर तापलेला ब्रेक दाबला तरी हवा तसा लागत नाही. ज्या गिअरवर चढला असता त्याच गिअरवर उतरा, साधारण दुसऱ्या-तिसऱ्यावर, आणि इंजिनला गाडी धरून ठेवू द्या. ताम्हिणी गाव सोडून घाटाखालच्या विळ्याकडे उतरताना हा फरक तुम्हाला पहिल्या काही वळणांतच जाणवेल. हाताला ब्रेकची सारखी उठाठेव उरत नाही, आणि आवळलेल्या मुठी त्यानेच निम्म्या सैल होतात.

मुठींवरून आठवलं. खांदे ताठ होतात असं तुम्ही लिहिलंय. ताठ हातांनी मूठ ढकलता येत नाही, म्हणजे गाडी नीट कलत नाही, म्हणजे पुन्हा बाहेर जाते, म्हणजे पुन्हा भीती. हे चक्र मनाला समजावून तुटत नाही, शरीराकडून तुटतं. गुडघ्यांनी टाकी धरा, वजन पायांवर आणि पोटावर घ्या, कोपर किंचित वाकवा, बोटं सैल. सरळ पट्ट्यावर मधूनच कोपर पंखासारखे हलवून बघा. हलले तर हात मोकळे आहेत. श्वास रोखलेला आढळला तर वेग कमी करा. तो त्या क्षणी तुम्हाला झेपणाऱ्या वेगाच्या वर गेलेला आहे.

आणि म्हणूनच ही भीती पूर्ण घालवू नका असं मी म्हणेन. त्या दिवसानंतर तुमचं शरीर तुम्हाला एक खरी गोष्ट सांगतंय: इथलं पुढचं दिसत नाही. ती ऐकून वेग कमी करणं हे शहाणपण आहे. पण सोप्या, उघड्या, कोरड्या वळणावर ताशी २५नेही जर अंग गोठत असेल, तर ती भीती जुन्या प्रसंगाची आहे. तिच्यावर उपाय म्हणजे मैदानातला सराव, आणि मग एकट्याने किंवा एखाद्या समजूतदार मित्रासोबत, आठवड्यातल्या एखाद्या सुट्टीला, गर्दी नसताना, एकाच छोट्या घाटाचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा शांतपणे करणं. पुण्याहून जाताना ताम्हिणीच्या खूप आधी पिरंगुटचा घाट लागतो. पहाटे तो रिकामा असतो. तोच चढा, तोच उतरा. रोज नवा घाट बघण्यापेक्षा एकच घाट नीट कळला तर बाकीचे सोपे जातात.

ग्रुप सोडा असं मी सांगणार नाही. पण दोन गोष्टी मागून घ्या. घाटात दोन-दोनच्या ओळीत न जाता एकामागे एक, मध्ये भरपूर अंतर ठेवून जायचं. आणि सगळ्यात सावकाश चालवणाऱ्याने लीडरच्या लगेच मागे राहायचं; शेवटी अनुभवी माणूस. मागचा माणूस पुढच्याला गाठायला धावतो तेव्हाच घात होतो, तुमचाही तसाच झाला. पुढे जाणाऱ्यांनी घाटाच्या तोंडाशी थांबायचं ठरवलं की कुणालाच धावावं लागत नाही. "मी माझ्या वेगाने येईन, तुम्ही विळ्यात चहा घ्या," हे वाक्य निघण्याआधी सकाळीच बोलून टाका. ज्यांना ते चालत नाही, त्यांच्याबरोबर घाटाला जाऊ नका. बाकी मैत्रीला कसलाच धक्का लागत नाही.

तरीही गाडी विकावी का? आत्ता नको. तुमच्याकडून एक शिकता येण्यासारखी चूक झाली, तिच्यासाठी गाडी विकायचं कारण दिसत नाही. पण चार-सहा महिने असा सराव करूनही घाट म्हटलं की आदल्या रात्री झोप उडत असेल, तर घाट सोडून द्या. कोकणात जायला एसटी आहे, सपाटीवर चालवायला देश पडला आहे. मोटरसायकल आवडते म्हणून घाट आवडलाच पाहिजे असं कुणी सांगितलं? वडिलांशी वाद घालू नका. त्यांना तो एसटीचा प्रसंग माहीत आहे की नाही हे तुमच्या पत्रातून कळत नाही. माहीत नसेल तर सांगा, आणि त्यानंतर काय काय बदललं तेही सांगा. मुलगा मैदानात ब्रेक मारायची प्रॅक्टिस करतोय हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, तर समजावण्याची गरज बरीच कमी होईल.

राहिला गणपतीचा प्रश्न, आणि इथे मी स्पष्ट सांगते: यंदा बायकोला मागे बसवून ताम्हिणी उतरू नका. भाद्रपदात घाटात पाऊस असतो, धुकं असतं. झाडीखालच्या सावलीतल्या वळणांवर शेवाळ धरलेलं असतं, वरून वाहून आलेली लाल माती आणि पानांचा लगदा रस्त्यावर पसरलेला असतो. रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले झाले की गुळगुळीत होतात. काठोकाठ भरलेल्या टाकीतून चढाच्या वळणावर डिझेल सांडतं. पावसात त्याचे सप्तरंगी डाग दिसतात, तिथून गाडी उभी ठेवूनच जायचं. प्लस व्हॅली नावाच्या दरीच्या आसपास आणि धबधब्यांपाशी वळणावरच गाड्या लावून लोक फोटो काढत असतात. वर गणपतीची गर्दी. मागे माणूस बसला की गाडीचं वजन मागे जातं, ब्रेकचं अंतर बदलतं, वळणं वेगळी लागतात. एकट्याने आत्मविश्वास परत येत असताना या सगळ्या नव्या गोष्टी एकाच दिवशी कशाला घ्यायच्या?

यंदा दोघं एसटीने जा आणि जमलं तर पुढची सीट मिळवा. ड्रायव्हरचे हात आणि पाय बघा. तो वळणाच्या किती आधी गिअर खाली टाकतो, हॉर्न कुठे देतो, समोरून गाडी आली तर कुठे थांबून वाट देतो. रोज तोच घाट करणाऱ्या माणसाची घाई कुठेच दिसणार नाही. घाट शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

मग मार्गशीर्षात, रस्ते कोरडे झाल्यावर, दोघं गाडीवर निघा. त्याआधी तिला शहराबाहेरच्या साध्या रस्त्यांवर मागे बसवून बरंच चालवा. तिलाही काही गोष्टी सांगा: पाय दोन्ही बाजूंना, हात तुमच्या कमरेला, वळणावर ज्या बाजूला गाडी वळते त्या बाजूच्या तुमच्या खांद्यावरून पुढे बघायचं, आणि मध्येच हलायचं नाही. ओढणी असेल तर घट्ट बांधून आत खोचलेली. मागच्या चाकात आणि चेनमध्ये ती कशी जाते हे कळायच्या आत गेलेली असते. हेल्मेट दोघांनाही, आयएसआय खुणेचं, पट्टा लावलेलं. टायरमधली हवा दोघांसाठीची भरा. एकट्यासाठी आणि दोघांसाठी दाब वेगळा असतो, तो गाडीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेला असतो. तिने "हळू" म्हटलं की कारण न विचारता हळू करायचं, हे आधीच ठरवून टाका. मागे बसणाऱ्याच्या हातात ब्रेक नसतो, तिच्याकडे तेवढा एक शब्दच आहे.

निघायचं पहाटे. मुळशी धरणाच्या कडेकडेने जाणारा रस्ता उन्हं वर यायच्या आत मागे पडला, तर घाटात तुम्ही ताजे असता. उशिरा गेलं की पानांतून पडणाऱ्या ऊन-सावलीच्या ठिपक्यांत खड्डे लपतात. घाटाच्या वर एकदा थांबा, पाणी प्या, खांदे मोकळे करा, हेल्मेटची काच पुसा. ठिकठिकाणी मोबाईलला रेंज नसते, म्हणून कुठे थांबणार आणि साधारण किती वाजता पोहोचणार हे घरी सांगून निघा. वाटेत कुणाचा अपघात झालेला दिसला तर १०८ला फोन लावा, रेंज नसेल तर जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला सांगा. मदत करणाऱ्याला पोलिसांच्या चौकशीच्या फेऱ्यांत अडकवता येत नाही, २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद आहे.

तोवर पुढचा रविवार ग्रुपला नाही म्हणून मैदानात घालवा. पहिल्या अर्ध्या तासात फक्त ब्रेक.